तो कागद कुठं गेला, ताई?

मागच्या वर्षी सोलापुरात विडी घरकुलमध्ये रेशनकार्डाच्या प्रश्नावर बायकांची बैठक होती. बैठक संपली, सतरंज्या गोळा होत होत्या, तेवढ्यात पन्नाशी उलटलेल्या एक बाई माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना ओळखलं नाही. त्यांनी मला ओळखलं होतं.

"तुम्ही कॉलेजात होता तवा आलता की आमच्याकडं. माझ्याकडनं सगळं लिहून नेलतं. किती वर्षं विडी वळते, कुणाच्या कार्डावर वळते, सगळं सांगितलं की तुमाला. तो कागद कुठं गेला, ताई?"

अक्कांची गोष्ट विडी कामगार बायकांमध्ये काम करणाऱ्या मैत्रिणींना नवी वाटणार नाही. एका कार्डावर दोघी-तिघींनी विड्या वळायच्या आणि कारखान्याच्या वहीत नाव मात्र एकीचंच लागायचं. अक्का अकरा वर्षं जावेच्या कार्डावर विड्या वळत होत्या. पान-तंबाखू जावेच्या नावावर मिळायचं, माल तिच्या नावावर जमा व्हायचा, प्रॉव्हिडंट फंडही तिच्याच नावावर कापला जायचा. जाऊ होती तोवर आपसातला हिशोब तोंडी चालला. ती वारली आणि तिच्या मुलांनी विचारलं, "तुम्ही आमच्या आईच्या कार्डावर काम करत होता, याला पुरावा काय?" तेव्हा अक्कांना आठवलं की हे आपण एका कॉलेजच्या मुलीला सांगितलं होतं, तिनं ते लिहून घेतलं होतं आणि खाली आपली सहीही घेतली होती.

ती मुलगी मी. एम.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षाला विडी कामगार स्त्रियांवर मी लघुप्रबंध केला होता. साठ बायकांच्या मुलाखती, प्रत्येकीची सात पानांची प्रश्नावली. प्रबंध काळ्या पुठ्ठ्यात बांधला, त्यावर सोनेरी अक्षरं छापली. एक प्रत विभागात, एक मार्गदर्शकांकडे आणि एक माझ्याकडे राहिली. भरलेल्या प्रश्नावल्या मात्र कुणी मागितल्या नाहीत. त्या मी एका पोत्यात भरून घरी आणल्या. पोतं दोन-तीन वर्षं माळ्यावर पडून होतं. मग आम्ही घर बदललं, आणि आईनं मला विचारूनच ते रद्दीवाल्याला दिलं. मी "दे" म्हटलं होतं.

अक्कांना मी एवढंच म्हणू शकले की तो कागद आता नाही. त्या रागावल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या आणि सतरंजीचं दुसरं टोक धरून घडी घालू लागल्या. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तो कागद प्रॉव्हिडंट फंडाच्या कचेरीत चालला असता का, हा वेगळा प्रश्न आहे. बहुधा नसताच चालला. पण घरातल्या भांडणात, पंचांपुढं, युनियनच्या माणसापुढं ठेवायला अक्कांच्या हातात काहीतरी असतं. वादाच्या कितीतरी आधी, कुणाचा काही स्वार्थ नसताना, एका तिऱ्हाईत मुलीनं लिहून घेतलेली हकीकत होती ती. माझ्या प्रबंधातल्या एका तक्त्यात 'दुसऱ्याच्या कार्डावर काम करणाऱ्या' असा रकाना आहे. अक्का त्या रकान्यात टक्केवारी होऊन बसल्या आहेत. तिथून त्यांना बाहेर काढायची वाट मी स्वतःच बंद करून टाकली.

ही माझी वैयक्तिक चूक आहेच. पण लेख लिहायला बसले ते केवळ पश्चात्ताप सांगायला नव्हे. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात आम्हाला नमुना निवड शिकवली, प्रश्नावली बनवायला शिकवलं, काय-वर्ग चाचणी शिकवली, प्रकरणांची मांडणी शिकवली. भरलेल्या प्रश्नावल्यांचं पुढं काय करायचं, त्या कुणाच्या मालकीच्या, त्या किती वर्षं आणि कुठं ठेवायच्या, हा प्रश्न परीक्षेत आला नाही आणि तोंडी परीक्षेतही कुणी विचारला नाही. माझ्यासारखी पोती सोलापुरात किती माळ्यांवर असतील, याचा विचार केला तरी अंगावर काटा येतो.

बाहेरच्या अनेक विद्यापीठांत या कामासाठी स्वतंत्र सेवा असते. त्याला रिसर्च डेटा मॅनेजमेंट म्हणतात. नाव जड असलं तरी काम घरातल्या पापड-लोणच्यांच्या बरण्या सांभाळण्यासारखं आहे. बरणीत काय आहे त्याची चिठ्ठी वर लावायची, झाकण घट्ट बसवायचं, कुणाचा हात लागू द्यायचा आणि कुणाचा नाही ते ठरवायचं, आणि खराब व्हायच्या आत काय करायचं तेही ठरवायचं. संशोधन सुरू होण्याआधीच संशोधकाला एक आराखडा लिहून द्यावा लागतो: कोणती माहिती गोळा करणार, ती कुठं ठेवणार, नावं कशी झाकणार, काम संपल्यावर कुणाच्या ताब्यात देणार. विद्यापीठाचं ग्रंथालय किंवा संगणक विभाग जागा देतो, कुलूप देतो आणि मदतीला माणूस देतो. प्रत्येक फायलीबरोबर एक संकेतसूची ठेवली जाते. 'प्रश्न १७, उत्तर ३' म्हणजे काय, हे दहा वर्षांनी वाचणाऱ्यालाही तिच्यावरून कळलं पाहिजे. इंग्लंडमध्ये एसेक्स विद्यापीठात सामाजिक शास्त्रांतल्या संशोधन-माहितीचं भांडार १९६७ साली सुरू झालं. अमेरिकेत रॅडक्लिफ कॉलेजमध्ये १९७६ साली मरे केंद्र निघालं. स्त्रियांच्या आयुष्यांविषयी संशोधकांनी गोळा केलेली माहिती जपून ठेवणं हाच त्याचा मुख्य हेतू होता. आज ते भांडार हार्वर्ड विद्यापीठात आहे.

आता आपल्याकडं पाहू. सोलापूर हे काही अभ्यासकांना अपरिचित गाव नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे धनंजयराव गाडगीळांनी या शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास केला. तो १९६५ साली इंग्रजीत पुस्तकरूपानं आला. तेव्हापासून गिरण्या, यंत्रमाग, चादरी, विडी असं काय काय इथं अभ्यासलं गेलं. विडी कामगार बायकांइतकं वारंवार प्रश्न विचारून बेजार केलेलं माणूस तर शहरात दुसरं नसेल. २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं. त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, म्हणजे इथल्या बायकांनी दिलेल्या माहितीवरचे प्रबंध कोल्हापूरला जात. आता एकाच जिल्ह्याचं आपलं विद्यापीठ आहे, २०१९ पासून त्याला अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. न्यायनिवाड्यासाठी आणि चोख कारभारासाठी जिचं नाव घेतलं जातं, अशा बाईचं नाव. आपल्या अपेक्षा तिथूनच सुरू व्हायला हव्यात.

"अहो, पण प्रबंध तर आता सगळे इंटरनेटवर असतात," असं कुणी म्हणेल. खरं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत देणं बंधनकारक केलं, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा'वर ते प्रबंध आज कुणीही वाचू शकतं. हे चांगलंच झालं. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेनंही इन्फ्लिबनेटच्या साथीनं सामाजिक शास्त्रांतल्या आकडेवारीसाठी एक डेटा सेवा उभी केली आहे. पण शोधगंगेत प्रबंध जातो. प्रबंध ज्यावर उभा आहे त्या प्रश्नावल्या, मुलाखतींच्या ध्वनिफिती, टिपणवह्या जात नाहीत. आणि एम.ए., एम.एस.डब्ल्यू.चे लघुप्रबंध तर तिथंही पोचत नाहीत. वस्त्यांमध्ये सर्वांत जास्त फिरतात त्या याच वर्गातल्या मुली. उलटा प्रकारही मी पाहिला आहे. काही प्रबंधांच्या शेवटी परिशिष्टात मुलाखत दिलेल्या बायकांची नावं, वय आणि वस्ती यांची अख्खी यादी जोडलेली असते. हेतू प्रामाणिक असतो, मुलाखती खरोखर घेतल्या हे दाखवायचं असतं. पण जी माहिती कुलपात हवी ती चव्हाट्यावर, आणि जी जपायला हवी ती रद्दीत, असा हा कारभार आहे.

जपून काय उपयोग, असं विचारणाऱ्यांना मी स्त्रीचळवळीचाच इतिहास सांगेन. भारतातल्या स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीनं डिसेंबर १९७४ मध्ये 'टुवर्ड्स इक्वॅलिटी' हा अहवाल पुरा केला. फुलरेणू गुहा अध्यक्ष होत्या, वीणा मजुमदार सदस्य-सचिव. या अहवालानं देशाला जे हादरे दिले, त्यातले किती तरी जुन्याच कागदांतून आले होते. दर हजार पुरुषांमागे १९०१ साली ९७२ बायका होत्या, १९७१ साली ९३० उरल्या. हे आकडे जनगणनेच्या खात्यात पडूनच होते. कुणी ते बाईच्या नजरेनं वाचले नव्हते, एवढंच. जपले गेले होते म्हणून वाचता आले. उद्या एखादी मुलगी आपल्यापेक्षा शहाणा प्रश्न घेऊन येईल. 'घरकाम' म्हणून नोंदल्या गेलेल्या बायकांपैकी खरं तर कितीजणी घरात बसून विड्या वळत होत्या, पापड लाटत होत्या, चादरींच्या गाठी मारत होत्या, असं ती विचारील. आपण तिला काय देणार? काळ्या पुठ्ठ्यातले तक्ते? मूळ उत्तरं नसतील तर आपली जुनी चूक तिला दुरुस्त करता येणार नाही, नुसती पुन्हा उद्धृत करता येईल.

इथवर वाचून एखादी मैत्रीण म्हणेल, सगळं जपा म्हणणं सोपं आहे, पण जपलेलं उद्या कुणाच्या हाती लागलं तर? हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचाही अनुभव गाठीशी आहे. मी काही काळ एका समुपदेशन केंद्रात काम करत होते. तिथं एक विद्यार्थिनी कौटुंबिक हिंसेवरच्या अभ्यासासाठी आली. पत्र आणलं होतं, मुलगी चांगली होती. आम्ही तिला केसरजिस्टर बघायला दिलं. तिनं वेळ वाचवायला मोबाईलवर पानांचे फोटो काढले आणि ते वर्गातल्या मैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले. नावांसकट. त्या गटातल्या एकीच्या नात्यातलाच एक नवरा त्या रजिस्टरमध्ये होता. आठवड्याभरात त्याला कळलं की आपली बायको केंद्रात येते. पुढं काय झालं ते तपशिलात लिहीत नाही. ती बाई पुन्हा केंद्रात आली नाही.

त्या मुलीला आम्ही खूप बोललो. पण खरं बोलायचं तर रजिस्टर आम्ही उघडून दिलं होतं. तिच्या कॉलेजनं तिला पत्र दिलं होतं, नियम दिले नव्हते. आमच्याकडंही नियम नव्हते. आमचा विश्वास माणसावर होता, आणि आपल्या चळवळीत तसाच असतो. पण जिची माहिती आहे तिनं त्या मुलीवर विश्वास टाकलेला नव्हता. तिनं आमच्यावर टाकला होता.

म्हणजे प्रश्नाला दोन टोकं आहेत. अक्कांचा कागद हरवला म्हणून त्यांचं नुकसान झालं, या दुसऱ्या बाईचा कागद फिरला म्हणून तिचं झालं. दोन्हीकडं दोष एकच, माहितीला वाली नव्हता.

नावं झाकली म्हणजे झालं, असंही नाही. 'अमुक वस्ती, वय ४३, विधवा, तीन मुली, नवरा यंत्रमागावर होता' एवढं लिहिलं की गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल ही कोण. म्हणून नाव आणि क्रमांक जुळवणारी यादी एका कुलपात, प्रश्नावल्या दुसऱ्या कुलपात, आणि छापताना वय-वस्तीचे तपशील ढोबळ करून टाकायचे, ही साधी पद्धत आहे. अशा पद्धतीनं मोठी कामं झालेली आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था चालवते. पहिली फेरी १९९२-९३ ची, पाचवी २०१९-२१ ची. त्यात नवऱ्याच्या मारहाणीबद्दलचे प्रश्न असतात. ते एका घरातल्या एकाच बाईला विचारायचे, आणि ती एकटी असेल तरच विचारायचे, असा दंडक आहे. दुसरं कुणी ऐकत असेल तर तो भाग सोडून द्यायचा. नावं काढलेली मूळ माहिती नोंदणी करून जगातला कोणताही अभ्यासक वापरू शकतो. लाखो बायकांच्या बाबतीत जे जमतं ते साठ बायकांच्या बाबतीत का जमू नये?

आपल्या महाराष्ट्रात याचा विचार झालाच नव्हता असंही नाही. मुंबईच्या 'सेहत' संस्थेच्या पुढाकारानं २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नीतिनियम प्रसिद्ध झाले. माहिती देणाऱ्याची संमती, गोपनीयता आणि त्याला इजा न होणं या गोष्टी त्यात स्पष्ट मांडल्या होत्या. वैद्यकीय संशोधनाला आज नीतिसमिती सक्तीची झाली आहे. पण सुई टोचायला परवानगी लागते आणि मन टोचायला लागत नाही, असा समज सामाजिक शास्त्रांच्या विभागांतून अजून गेलेला नाही.

कायद्याचंही थोडं समजून घ्यायला हवं. जनगणनेत आपण जे सांगतो त्याला १९४८ च्या जनगणना कायद्याचं संरक्षण आहे. त्या नोंदी कुणाला पाहायला मिळत नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. कॉलेजच्या मुलीनं भरलेल्या प्रश्नावलीला असं कवच नाही. "तुमचं नाव कुणाला कळणार नाही" असं आपण बिनदिक्कत सांगतो, पण पोलिसांनी किंवा कोर्टानं मागणी केली तर काय, याचा विचार केलेला नसतो. अमेरिकेतल्या बोस्टन कॉलेजनं २००१ पासून उत्तर आयर्लंडमधल्या जुन्या सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. तुम्ही जिवंत असेपर्यंत हे उघड होणार नाही, असा शब्द दिला होता. २०११ मध्ये तपासासाठी त्या फितींची मागणी झाली आणि लांबलेल्या कोर्टबाजीनंतर काही फिती पोलिसांच्या हाती द्याव्या लागल्या. एवढ्या मोठ्या कॉलेजला आपला शब्द पाळता आला नाही. आपण निदान पाळता येईल तेवढाच शब्द द्यावा.

आपल्याकडं डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली मंजूर झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. या कायद्यात संशोधन, अभिलेख आणि सांख्यिकी यांसाठी सूट आहे. त्या माहितीवरून एखाद्या व्यक्तीबद्दल काही निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेले दंडक पाळायचे, या अटीवर. गरजेपुरतीच माहिती घ्या, गरजेपुरताच काळ ठेवा, नीट सुरक्षित ठेवा, जबाबदार कोण ते ठरवा, असे ते दंडक आहेत. पण हा कायदा संगणकातल्या, किंवा कागदावरून संगणकात घातलेल्या माहितीपुरता आहे. पोत्यातल्या कागदांना तो लागू नाही. आणि हे दंडक पाळायचे म्हटलं तर पाळणारं माणूस लागेल. एम.एस.डब्ल्यू.च्या पोरीनं एकटीनं ते करावं अशी अपेक्षा करणं म्हणजे पुन्हा सगळ्यात खालच्या पायरीवरच्या बाईच्या डोक्यावर घागर ठेवणं झालं.

म्हणून माझं म्हणणं असं की ही जबाबदारी विद्यापीठाची आहे. विद्यापीठाच्या शिक्क्याचं पत्र दाखवून आपण वस्तीत शिरतो. बाई दार उघडते ते त्या पत्रावर. पदवी विद्यापीठ देतं, प्रबंध आपल्या नावावर मोजतं. मग बाईनं सांगितलेल्या गोष्टीची राखणही त्यानंच करायला हवी.

पैशाची अडचण लगेच पुढं येईल. परदेशी शोधनियतकालिकं वाचायला मिळावीत म्हणून केंद्र सरकारनं 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेत २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. ज्ञान विकत घ्यायला पैसा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण विडी घरकुलमधल्या बायकांनी फुकट दिलेलं ज्ञान ठेवायला एक खोली, दोन कपाटं, एक संगणक आणि एक प्रशिक्षित माणूस मागितला तर तो खर्च भारी ठरू नये.

काही शिक्षक म्हणतील, माहिती मी उन्हातान्हात फिरून गोळा केली, ती माझी. कष्ट तुमचे, हे मान्य. पण आयुष्य कुणाचं? आणि आपल्यातल्याही काहीजणी म्हणतात, हे सगळं सरकारच्या हाती जाण्यापेक्षा जाळून टाकलेलं बरं. काही माहिती नष्टच केली पाहिजे, हे मलाही पटतं. पण ती कधी आणि का नष्ट करायची हे आधी ठरलेलं असावं, त्या बाईला सांगितलेलं असावं. तो निर्णय वाळवीवर किंवा रद्दीवाल्यावर सोडू नये.

विद्यापीठाकडं आपण काय मागायचं? पहिलं, वस्तीत जाण्याआधी प्रत्येक विद्यार्थिनीकडून एक पानी आराखडा घ्यावा, आणि तो पाहिल्याशिवाय पत्र देऊ नये. दुसरं, संमतीपत्र बाईच्या भाषेत असावं. सोलापुरात पूर्व भागातल्या कितीतरी बायकांची घरची भाषा तेलुगू आहे, कुणाची कन्नड, कुणाची दखनी उर्दू. आपण मात्र मराठीतला किंवा चक्क इंग्रजीतला कागद पुढं करून "इथं सही करा" म्हणतो. तो वाचून दाखवावा, आणि तिला सरळ विचारावं: हे मी ठेवू का? किती दिवस? तुला याची प्रत हवी का? हा शेवटचा प्रश्न मी अक्कांना विचारला असता तर आज हा लेख लिहावा लागला नसता. तिसरं, काम संपल्यावर प्रश्नावल्या आणि ध्वनिफिती विद्यापीठाच्या ताब्यात जमा झाल्याशिवाय तोंडी परीक्षा होऊ नये. चौथं, कुणाला काय पाहायला द्यायचं हे ठरवणाऱ्या समितीत वस्त्यांमधल्या संघटनांच्या बायका असाव्यात. केवळ प्राध्यापकांनी एकमेकांना परवानग्या देऊ नयेत. आणि पाचवं, निष्कर्ष वस्तीत येऊन सांगावेत. ते सोनेरी अक्षरांत छापून भागत नाही.

पण हे मागताना आपल्या स्वतःच्या संस्थांकडंही बघावं लागेल. आपली केसरजिस्टरं कुठं आहेत? तीस वर्षांपूर्वीच्या मोर्चांच्या, परित्यक्ता परिषदांच्या, हुंडाबळींच्या पाहण्यांच्या नोंदी कुणाच्या घरच्या कपाटात आहेत? त्या कपाटाची किल्ली जिच्याकडं आहे ती मैत्रीण आता सत्तरीला आली आहे. सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी १९८८ साली मुंबईत 'स्पॅरो' हे स्त्रियांचं ध्वनिचित्र-अभिलेखागार सुरू केलं ते याच काळजीपोटी. सगळ्यांनी सगळं मुंबईला पाठवावं असं नाही. पण सोलापूरच्या बायकांचं सोलापुरात राहील अशी एक जागा तरी आपण भांडून मिळवायला हवी. तोवर आपण एवढं तरी करू: जी विद्यार्थिनी अभ्यासाला येईल तिच्याशी एका पानाचा करार करायचा, रजिस्टर हाती द्यायचं नाही, नावं वगळून आपणच टिपण काढून द्यायचं, फोटो काढू द्यायचे नाहीत, आणि जाताना तिला विचारायचं, तू काय परत आणून देणार?

बैठकीनंतर पंधरा दिवसांनी मी पुन्हा विडी घरकुलमध्ये गेले. अक्कांजवळ बसून सगळी हकीकत नव्यानं लिहिली. कोणत्या वर्षापासून, कोणत्या कारखान्याला, रोज किती विड्या, शेजारच्या कोणी पाहिलं. तीन शेजारणींनी साक्षीच्या सह्या केल्या. मुद्दाम दोन प्रती केल्या. एक माझ्या संस्थेच्या कुलपात आहे. दुसरी अक्कांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवली. जावेच्या मुलांशी बोलणं अजून चालू आहे, काय होईल सांगता येत नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात विद्यापीठ किंवा कॉलेज असेल तर तिथल्या विभागप्रमुखांना एवढंच विचारून बघा की गेल्या पाच वर्षांत मुलींनी भरून आणलेल्या प्रश्नावल्या आज कुठं आहेत. जे उत्तर मिळेल ते आम्हाला लिहून कळवा. आणि त्याच दिवशी आपल्या ऑफिसातलं कपाटही एकदा उघडून बघा.